स्थैर्याचा शोधक : जेम्स क्लार्क मॅक्सवेल

दरवर्षी जूनमध्ये आपल्या वसतिगृहात नवी मुले दाखल होतात आणि कोणाच्या बोलीला, कोणाच्या कपड्यांना बाकीची मुले हसतात. अशा वेळी आम्ही त्यांना मॅक्सवेल यांचे चरित्र सांगतो.

जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांचा जन्म १३ जून १८३१ रोजी स्कॉटलंडमधील एडिंबरो येथे झाला. बालपण ग्लेनलेअर येथील शेतीवाडीत गेले. आठव्या वर्षी मातृछत्र हरपले. दहाव्या वर्षी ते शहरातील शाळेत गेले, तेव्हा अंगात वडिलांनी बेतलेला अंगरखा आणि तोंडी खेडवळ बोली होती. सहाध्यायांनी त्यांचे कपडे फाडले व त्यांना ‘खुळा’ ठरविले. ते जमीनदाराचे पुत्र होते; शाळेचे दार वा पाणवठा त्यांना बंद नव्हता. आपल्या पूर्वजांची अवहेलना या मापाने मोजता येणार नाही, हे आम्ही मुलांपासून लपवीत नाही. तथापि चौदाव्या वर्षी याच ‘खुळ्या’चा भूमितीवरील निबंध एडिंबरोच्या रॉयल सोसायटीत वाचला गेला.

१८५४ साली केंब्रिजच्या गणित परीक्षेत एडवर्ड राउथ पहिले आले, मॅक्सवेल दुसरे. पुढे ॲबर्डीन येथे प्राध्यापक असताना त्यांनी शनीची कडी अखंड घन असती तर टिकली नसती, ती असंख्य सुट्या कणांचीच असली पाहिजेत, हे गणिताने सिद्ध केले. १८६० मध्ये दोन महाविद्यालयांचे एकत्रीकरण होऊन त्यांचे पद गेले. ते लंडनला आले. दोन्ही शहरांत त्यांनी कामगारांसाठी सायंकाळी व्याख्याने दिली. विद्या श्रमिकांच्या दारी नेणारा हा पैलू आम्हांस विशेष मोलाचा वाटतो.

१८६८ साली त्यांनी गतिनियामकांवर निबंध लिहिला. वाफेच्या इंजिनावर फिरणारे दोन गोळे वेग वाढताच बाहेर फाकत व वाफ कमी करीत. वेग घटला की उलट घडे. परंतु कधी ही दुरुस्तीच अतिरेकी होई आणि इंजिन सतत हेलकावे खाई. लहानसा धक्का बसल्यावर हेलकावे विरतील की वाढत जातील, हे यंत्राच्या समीकरणाच्या मूळांवरून ठरते, असे मॅक्सवेल यांनी दाखविले. साध्या यंत्रांसाठी अटी सापडल्या. अधिक गुंतागुंतीच्या यंत्रांचा प्रश्न त्यांनी मोकळेपणाने इतर गणितज्ञांपुढे ठेवला. १८७७ मध्ये तो सोडविला राउथ यांनी, परीक्षेतील त्याच प्रतिस्पर्ध्याने! आज भार, घर्षण, वारा यांचे नेमके माप ठाऊक नसतानाही विमान वा यंत्र स्थिर राहावे, अशी रचना अभियंते करतात. त्या विद्येच्या पायात या दोघांचे श्रम आहेत.

विद्युत व चुंबकत्व यांना एका सूत्रात बांधून आणि केंब्रिजची कॅव्हेंडिश प्रयोगशाळा उभारून मॅक्सवेल ५ नोव्हेंबर १८७९ रोजी, अवघ्या ४८ व्या वर्षी, आईप्रमाणेच पोटाच्या कर्करोगाने निवर्तले.

धक्के कोणालाच चुकत नाहीत. धक्क्यानंतर सावरण्याचे बळ ज्याच्या घडणीत असते, तोच स्थिर. मुलांमध्ये ती घडण निर्माण करणे, हेच आम्हां शिक्षकांचे कर्तव्य होय.