कस्तुरी रंगा अय्यंगार : वकील ते संपादक

मद्रासच्या ‘द हिंदू’ या इंग्रजी दैनिकाला आर्थिक संकटातून सावरणारे संपादक कस्तुरी रंगा अय्यंगार हे मूळचे वकील होते. त्यांचा जन्म १५ डिसेंबर १८५९ रोजी कुंभकोणमजवळील इन्नंबूर येथे झाला.

कोइमतूर येथे वकिलीत जम बसवल्यानंतर १८९४ मध्ये ते मद्रासला आले. पुढील वर्षी ते ‘द हिंदू’चे कायदेविषयक सल्लागार झाले. पत्राची ढासळती आर्थिक स्थिती त्यांनी जवळून पाहिली होती. तरीही १ एप्रिल १९०५ रोजी ७५ हजार रुपयांना त्यांनी ते विकत घेतले. पंचेचाळिशी ओलांडल्यानंतर स्थिर व्यवसाय सोडून पत्करलेली ही मोठीच जोखीम होती.

विनाचौकशी स्थानबद्धतेची मुभा देणारा रौलट कायदा १९१९ च्या मार्चमध्ये संमत झाला. त्या वेळी महात्मा गांधी मद्रासमध्ये अय्यंगार यांच्या मालकीच्या बंगल्यात उतरले होते. देशव्यापी हरताळाची कल्पना त्यांना तेथेच सुचली.

काँग्रेसने १९२२ मध्ये नेमलेल्या सविनय कायदेभंग चौकशी समितीचेही अय्यंगार सदस्य होते. विधिमंडळ प्रवेशाच्या प्रश्नावर समितीत तीन विरुद्ध तीन अशी फूट पडली. मोतीलाल नेहरू प्रवेशाच्या बाजूने होते, तर राजगोपालाचारी आणि डॉ. अन्सारी यांच्यासह अय्यंगार यांनी विरोध नोंदविला.

१२ डिसेंबर १९२३ रोजी त्यांचे निधन झाले. ज्या पत्राला ते केवळ कायदेशीर सल्ला देत असत, ते तोपर्यंत दक्षिण भारतातील राष्ट्रीय मताचे प्रमुख व्यासपीठ बनले होते.