शाळेच्या पैशाचा हिशेब मागणारे महात्मा जोतीराव फुले

११ ते १४ एप्रिल हे चार दिवस आमच्या निवासी शाळेत सणासारखे असतात. पहिल्या दिवशी महात्मा जोतीराव फुले यांच्या प्रतिमेस आणि चौथ्या दिवशी बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या प्रतिमेस अभिवादन होते, मुले भाषणे करतात. भिडे वाड्यातील शाळा, सावित्रीमाईंच्या अंगावर टाकलेले शेण, अस्पृश्यांसाठी खुला केलेला घरचा हौद हे प्रसंग त्यांना मुखोद्गत असतात. जोतीरावांच्या आयुष्यातील एक कार्य मात्र आम्ही इतक्या वर्षांच्या अध्यापनात मुलांच्या तोंडून क्वचितच ऐकले. त्यात हौद नाही, शेण नाही. त्यात आहे तो केवळ हिशेब. शाळांवर खर्च होणारा सरकारी पैसा येतो कोणाकडून आणि जातो कोणाकडे, हा प्रश्न या महापुरुषाने आयुष्यभर लावून धरला. या स्मरणिकेच्या निमित्ताने त्यांचे चरित्र त्या बाजूने सांगावे, असे आम्हांस वाटले.

जोतीरावांचा जन्म १८२७ सालचा. वडील गोविंदराव फुलांचा व्यवसाय करीत, त्यावरून कुटुंबास फुले हे नाव पडले. मातृछत्र लहानपणीच हरपले आणि सगुणाबाईंनी त्यांना वाढविले. माळ्याच्या मुलास शिक्षण कशाला, या सल्ल्यामुळे त्यांचे शिक्षण मध्येच थांबले. पुढे १८४१ मध्ये स्कॉटिश मिशनच्या शाळेत ते पुन्हा सुरू झाले. म्हणजे शाळेचे दार मिटणे आणि उघडणे या दोन्ही गोष्टी त्यांनी स्वतः अनुभवल्या होत्या. १८४८ मध्ये त्यांनी पुण्यात मुलींची शाळा काढली. त्यासाठी त्यांना व सावित्रीमाईंना वडिलांचे घर सोडावे लागले. १८५१-५२ मध्ये मुलींच्या आणखी शाळा उघडल्या. महार-मांग मुलांच्या शाळाही निघाल्या आणि त्या चालविण्यासाठी १८५३ मध्ये स्वतंत्र मंडळी स्थापन झाली.

शाळा काढण्यास हिंमत लागते, चालविण्यास पैसा लागतो. जोतीरावांना हे फार लवकर कळले. त्या काळी पुण्यात विद्येसाठी राखलेला मोठा सरकारी निधी म्हणजे दक्षिणा फंड. पेशवाईत ब्राह्मणांना वाटली जाणारी दक्षिणा इंग्रजी अमलातही चालू राहिली. एल्फिन्स्टन यांनी तिच्यासाठी वर्षाला पन्नास हजार रुपये ठेवले होते आणि त्यातूनच पुण्याची संस्कृत पाठशाळा उभी राहिली. हा पैसा मुळात रयतेच्या साऱ्यातून आलेला होता, परंतु त्याचा लाभ जन्मावरून ठरत होता. १८४९ मध्ये काही सुधारकांनी या रकमेतील वाटा मराठी ग्रंथांच्या उत्तेजनार्थ द्यावा, असा अर्ज सरकारकडे केला, तेव्हा शहरात मोठा क्षोभ झाला. अर्ज करणाऱ्यांच्या रक्षणासाठी जोतीराव महार-मांग तरुणांचा जमाव घेऊन उभे राहिले, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. ज्यांना त्या फंडातून एक पैसाही मिळण्याची आशा नव्हती, ते लोक त्या फंडाच्या सुधारणेसाठी उभे राहिले, ही गोष्ट आम्हांस विलक्षण वाटते.

पुढे जोतीरावांच्या मुलींच्या शाळांना याच फंडातून थोडे साहाय्य मिळाले. १८५२ मध्ये विश्रामबाग वाड्यात सरकारतर्फे त्यांचा शाल देऊन सत्कारही झाला. तथापि शालीने शाळा चालत नाही. १८५५ मध्ये त्यांनी तृतीय रत्न हे नाटक दक्षिणा प्राइज कमिटीकडे धाडले. कमिटीतील भट सभासदांच्या आग्रहामुळे ते नाकारले गेले, असे त्यांनी स्वतः नमूद करून ठेवले आहे. निधीचा नियम कागदावर बदलला तरी निधी वाटणारे हात तेच राहतात, हा धडा त्यांनी तेथे घेतला.

त्याच सुमारास, १८५४ च्या वुडच्या खलित्याने खासगी शाळांना अनुदान देण्याची पद्धत आणली. तिच्या अटी वरवर पाहता रास्त होत्या. शाळेस जबाबदार स्थानिक चालक असावेत, सरकारी तपासणी मान्य असावी आणि विद्यार्थ्यांकडून थोडी का होईना, फी घ्यावी. पण ज्यांच्या वस्तीत फी भरू शकणारे पालक नाहीत आणि वर्गणी देणारे धनिक नाहीत, त्यांनी काय करावे? ज्याच्यापाशी काही आहे त्याला सरकार आणखी देई, ज्याच्यापाशी काहीच नाही तो दाराबाहेर राही. जोतीरावांच्या शाळांचा बराच भार युरोपीय व एतद्देशीय देणगीदारांवर होता. १८५७ च्या धामधुमीनंतर तो आधार आटला. नऊ-दहा वर्षे या शाळांत राबून जोतीराव त्यांच्या कारभारातून बाजूला झाले. पण तेवढ्या काळातही त्या शाळांनी काय दिले, याचा पुरावा उरला आहे. त्यांच्या शाळेतील मुक्ता या मातंग मुलीने महार-मांगांच्या दुःखांविषयी लिहिलेला निबंध १८५५ मध्ये ज्ञानोदयात छापला गेला. तुटपुंज्या मदतीवर चाललेल्या शाळेचे हे फळ होते.

उपजीविकेसाठी जोतीरावांनी सरकारी बांधकामांची कंत्राटे घेतली, शेती केली. त्यामुळे सरकारी तिजोरीतून पैसा कसा निघतो आणि वाटेत कोठे मुरतो, हे त्यांनी जवळून पाहिले. १८६३ च्या सुमारास मुंबई इलाख्यात शेतसाऱ्याच्या प्रत्येक रुपयामागे एक आणा लोकल फंड वसूल होऊ लागला. त्याचे दोन भाग रस्त्यांसाठी आणि एक भाग शाळांसाठी होता. म्हणजे गावात शाळा असो वा नसो, शेतकरी शाळेसाठी पैसे भरत होता. शाळा असली तरी महार-मांगांच्या मुलांना तेथे ओट्यावरही जागा नसे. शिक्षणखात्यातील पंतोजींच्या पक्षपातावर जोतीरावांनी १८६९ मध्ये पवाडा रचला. १८७३ मध्ये गुलामगिरी प्रसिद्ध केली आणि त्याच वर्षी सत्यशोधक समाज स्थापन केला.

१८७६ ते १८८२ या काळात ते पुणे नगरपालिकेचे सभासद होते. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या स्वागतासाठी हजार रुपये खर्चण्याचा विषय सभेत आला, तेव्हा हा पैसा गरिबांच्या शिक्षणास लावावा, असे म्हणून त्यांनी विरोध केला. बत्तीस सभासदांत विरोध करणारे ते एकटेच होते. ठराव अर्थातच मंजूर झाला.

फेब्रुवारी १८८२ मध्ये सर विल्यम हंटर यांच्या अध्यक्षतेखाली शिक्षण आयोग नेमला गेला. १९ ऑक्टोबर १८८२ रोजी जोतीरावांनी आयोगापुढे इंग्रजीत निवेदन सादर केले. त्याखाली त्यांनी आपली ओळख व्यापारी, शेतकरी आणि पेठ जुना गंज येथील म्युनिसिपल कमिशनर अशी दिली आहे. या निवेदनात भावनेचा उमाळा फारसा नाही, जमाखर्च आहे. राज्याच्या उत्पन्नाचा मोठा भाग रयतेच्या कष्टातून येतो, मग शिक्षणाच्या खर्चाचा मोठा भाग वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर का जातो, हा त्यांचा मूळ प्रश्न होता. वरच्यांना शिकविले की विद्या आपोआप खाली झिरपेल, हे सरकारी गृहीतक त्यांनी फेटाळले. ती इतक्या वर्षांत झिरपली कोठे, अशी त्यांची विचारणा होती. इलाख्यातील सुमारे नऊ-दशांश गावांत, म्हणजे सुमारे दहा लाख मुलांसाठी, प्राथमिक शिक्षणाची कसलीच सोय नाही, याकडे त्यांनी लक्ष वेधले.

त्यांच्या सूचना शिक्षकाने ध्यानात ठेवाव्यात अशा आहेत. निदान बारा वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे असावे. प्राथमिक शिक्षक प्रशिक्षित असावा, शक्यतो बहुजन समाजातील असावा आणि त्याचा पगार दरमहा बारा रुपयांहून कमी नसावा. मोठ्या गावी तो पंधरा-वीस रुपये असावा. जेथे महार-मांगांची वस्ती मोठी आहे आणि जातिभेदामुळे त्यांच्या मुलांना शाळेत घेतले जात नाही, तेथे त्यांच्यासाठी स्वतंत्र शाळा असाव्यात. ज्या वर्गांत विद्येचा प्रसार झालेला नाही, त्यांच्यासाठी शिष्यवृत्त्यांचा काही भाग राखून ठेवावा. शाळांचा निधी पाटील, इनामदार, सरदार यांच्या स्थानिक मंडळांच्या हाती सोपविण्यावर त्यांचा विश्वास नव्हता. त्याच वेळी सरकारने उच्च शिक्षणातून अंग काढून घ्यावे, असेही त्यांनी म्हटले नाही, कारण त्याने शिक्षणप्रसारासच खीळ बसली असती. त्यांचा आक्षेप शिक्षणावर नव्हता, अन्याय्य वाटणीवर होता.

शिक्षणासाठीच्या लोकल फंडावर पहिला हक्क प्राथमिक शिक्षणाचा, हे तत्त्व आयोगाने मान्य केले. सक्तीचे शिक्षण मात्र राहून गेले. पुढे ती मागणी राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये आपल्या संस्थानात अमलात आणली. १८८८ मध्ये जनतेने जोतीरावांना महात्मा ही पदवी दिली आणि २८ नोव्हेंबर १८९० रोजी त्यांचे निधन झाले.

प्रश्न मात्र त्यांच्याबरोबर गेला नाही. १९२७ मध्ये मुंबई कायदेमंडळात शिक्षणाच्या अनुदानावर बोलताना बाबासाहेबांनी तोच जमाखर्च मांडला. सरकार शिक्षणावर दरडोई चौदा आणे खर्च करते आणि अबकारीतून दरडोई दोन रुपयांहून अधिक घेते, तर जेवढे घेता तेवढे तरी शिक्षणावर द्या, अशी त्यांची मागणी होती. बाबासाहेबांनी जोतीरावांना गुरू मानले. ही गुरुपरंपरा हिशेबाचीही आहे, असे आम्हांस वाटते.

माजी विद्यार्थ्यांनी आणि पालकांनी हे ध्यानी घ्यावे. आमच्यासारख्या निवासी शाळेच्या मुलामागे जे अनुदान येते, ती कोणाची मेहेरबानी नव्हे. चपलेसारख्या साध्या खरेदीवरही कर भरणाऱ्या मजुराच्या पैशाचा तो परतलेला अंश आहे. हप्ता रखडला की दुकानदाराची उधारी वाढते, स्वयंपाकघरातील डाळ पातळ होते आणि ते प्रथम मुलांच्या ताटात दिसते. म्हणून तो वेळेवर मागणे हा हक्क आहे. पण जो हिशेब मागतो, त्याने आपली वही उघडी ठेवली पाहिजे. २०११ च्या पटपडताळणीत राज्यातील अनेक शाळांच्या पटांवर नसलेली मुले सापडली. हजेरीपटावर लिहिलेले प्रत्येक खोटे नाव एका खऱ्या मुलाचे ताट हिरावून घेते. जोतीरावांच्या प्रतिमेस हार घालणाऱ्या हातांनी ते नाव कधीही लिहू नये.

यंदा ११ एप्रिलला आमच्या शाळेतील एखाद्या मुलाने भाषणात भिडे वाड्याबरोबर हंटर आयोगाचेही नाव घेतले, तर या लेखाचे सार्थक झाले, असे आम्ही समजू.

जय जोती! जय भीम!