आईकडून उसनी ढाल

पॉल एर्लिक यांचा जन्म १८५४चा, तेव्हाच्या प्रशियातला. रंग वापरून त्यांनी रक्तातील पांढऱ्या पेशींचे प्रकार वेगळे ओळखले. १८९२च्या सुमारास त्यांनी उंदरांच्या माद्यांना गुंजेच्या व एरंडाच्या बियांतील विष थोडे-थोडे देऊन त्याला तोंड देण्याजोगे केले. त्यांची पिल्लेही विषातून वाचली. साध्या मादीची पिल्ले अशा मादीच्या दुधावर वाढवली, तीही तगली. मात्र हे संरक्षण उसने होते. काही काळाने ओसरले.

माणसाच्या बाळालाही आईची प्रतिपिंडे वारेतून आणि दुधातून मिळतात. त्याच्या स्वतःच्या पेशी तयार होईपर्यंत तीच त्याची ढाल. १९०८चे नोबेल एर्लिक यांना मेचनिकॉफ यांच्यासोबत मिळाले. १९१५मध्ये ते वारले. उसनी ढाल कायम पुरत नाही, म्हणूनच बाळाच्या लशी वेळेवर द्यायच्या.