सॅम्युएल लँग्ली यांचे नमुना-विमान

लाकडाच्या पातळ पट्ट्या एकमेकींना जोडून, त्यांवर कागद ताणून बसवून आणि पुढे विजेची छोटी मोटर लावून आजची मुले विमान तयार करतात. जमिनीवर उभे राहून रेडिओलहरींच्या साहाय्याने ती ते हवे तसे वळवितात. हे तर खेळणे, असे कोणी म्हणेल. परंतु एका थोर शास्त्रज्ञाने आपल्या उतारवयातील अनेक वर्षे अशाच छोट्या विमानांच्या रचनेत वेचली. त्यांचे नाव सॅम्युएल पिअरपॉन्ट लँग्ली.

लँग्ली यांचा जन्म २२ ऑगस्ट १८३४ रोजी अमेरिकेतील बोस्टन शहराजवळ रॉक्सबरी येथे झाला. लहानपणी माळावर पडून ते उंच आकाशात तरंगणारा ससाणा पाहत राहत. पंख न हलविता हा पक्षी इतका वेळ हवेत कसा राहतो, हा प्रश्न तेव्हाच त्यांच्या मनात रुजला. शालेय शिक्षण संपल्यावर ते महाविद्यालयात गेले नाहीत. त्यांनी काही वर्षे इमारतींच्या आराखड्यांचे काम केले. आकाशातील ग्रहतारे पाहण्याची ओढ मात्र त्यांना स्वस्थ बसू देईना. आपल्या भावाच्या मदतीने त्यांनी स्वतःच्या हातांनी दुर्बीण तयार केली आणि ग्रंथ वाचून खगोलशास्त्राचा अभ्यास केला. १८६७ मध्ये ते ॲलेगेनी येथील वेधशाळेचे प्रमुख झाले. उष्णतेतील अतिशय सूक्ष्म फरक मोजणारे बोलोमीटर नावाचे यंत्र त्यांनी शोधून काढले. त्यामुळे सूर्याच्या उष्णतेचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ म्हणून त्यांची कीर्ती दूरवर पसरली.

पन्नाशी उलटल्यावर ते पुन्हा बालपणीच्या प्रश्नाकडे वळले. हवेपेक्षा जड यंत्र कधीच उडू शकणार नाही, असे त्या काळी अनेक विद्वानांना वाटे. लँग्ली यांनी वाद घातला नाही, प्रयोग केला. त्यांनी गोल फिरणारा एक लांबलचक दांडा उभारला. त्याच्या टोकाला निरनिराळ्या आकारांचे फळे बांधून ते वेगाने फिरविले आणि हवा त्यांना किती उचलते, हे मोजले. त्यावरून योग्य शक्तीचे इंजिन मिळाल्यास यंत्र उडू शकेल, अशी त्यांची खात्री झाली. १८८७ मध्ये ते वॉशिंग्टन येथील स्मिथसोनियन संस्थेचे प्रमुख झाले. तेथे त्यांनी विमानांचे छोटे नमुने तयार करण्यास आरंभ केला.

पहिले नमुने रबराच्या पिळाने चालणारे होते. ते काही क्षण उडत आणि खाली येत. मग लँग्ली वाफेच्या इंजिनाकडे वळले. येथे अडचणींची परंपराच सुरू झाली. इंजिन बळकट करावे, तर ते जड होई. सांगाडा हलका करावा, तर तो वाके. एक नमुना मोडला, की त्यातील दोष शोधून दुसरा करावयाचा, असा क्रम वर्षानुवर्षे चालला. शिवाय त्या काळी जमिनीवरून विमान वळविण्याचे साधन नव्हते. एकदा नमुना हातचा सुटला, की त्याला सावरणारा कोणी नसे. म्हणून त्याचा तोल उड्डाणापूर्वीच नेमका साधावा लागे. यासाठी लँग्ली यांनी पंखांची टोके किंचित वर उचललेली ठेवली आणि मागे शेपूट बसविले.

अखेर ६ मे १८९६ हा दिवस उजाडला. पोटोमॅक नदीत नांगरलेल्या एका नौकेच्या छपरावरून पाचव्या क्रमांकाचा नमुना हवेत सोडण्यात आला. त्याला एकामागे एक अशा पंखांच्या दोन जोड्या होत्या. त्यांचा विस्तार सुमारे ४ मीटर आणि यंत्राचे वजन सुमारे ११ किलोग्रॅम होते. क्षणभर ते किंचित खाली झुकले; मग सावरून वर चढले आणि वळणे घेत नदीवरून सुमारे १,००० मीटर उडत गेले. वाफ संपल्यावर ते हळुवारपणे पाण्यावर उतरले. त्याच दिवशी ते पुन्हा उडविण्यात आले, तेव्हाही ते सुमारे ७०० मीटर गेले. दूरध्वनीचे जनक अलेक्झांडर ग्रॅहम बेल तेथे उपस्थित होते. त्यांनी या उड्डाणाचे छायाचित्र घेतले. हवेपेक्षा जड यंत्र स्वतःच्या शक्तीने दूरवर उडू शकते, हे सिद्ध झाले होते. त्या वेळी लँग्ली यांचे वय ६१ वर्षांचे होते.

पुढे १८९८ मध्ये माणसाला घेऊन उडणारे विमान तयार करण्यासाठी सरकारने त्यांना ५०,००० डॉलर दिले. लँग्ली यांनी छोट्या नमुन्याचाच आकार वाढवून मोठे विमान रचले. त्यांचे साहाय्यक चार्ल्स मॅनली यांनी त्यासाठी ५२ अश्वशक्तीचे उत्तम इंजिन सिद्ध केले. परंतु निसर्गाचा एक नियम आड आला. एखाद्या वस्तूची लांबी, रुंदी व उंची दुप्पट केली, तर तिचे पृष्ठफळ चौपट होते. पण वजन मात्र आठपट होते. म्हणून छोट्या नमुन्याला पुरणारा बळकटपणा मोठ्या विमानाला पुरत नाही. तसेच वाऱ्याच्या झोताबरोबर विमान सावरण्याची कलाही वैमानिकाला उड्डाणापूर्वी शिकावी लागते. मॅनली यांना तसा सराव मिळालेला नव्हता. ७ ऑक्टोबर १९०३ रोजी ते विमान छपरावरून सुटताच नदीत कोसळले. ८ डिसेंबरला सुटतानाच त्याचा मागील भाग मोडला. बर्फासारख्या थंड पाण्यातून मॅनली कसेबसे बाहेर पडले.

वृत्तपत्रांनी लँग्ली यांचा क्रूर उपहास केला. सरकारी मदतही थांबली. अवघ्या ९ दिवसांनी, १७ डिसेंबर १९०३ रोजी, राइट बंधूंनी यशस्वी उड्डाण केले. त्यांनी आधी तीन वर्षे इंजिन नसलेल्या विमानांवर तोल सावरण्याचा कसून सराव केला होता. लँग्ली यांनी जे काम मागे ठेवले होते, ते राइट बंधूंनी आधी केले. तरीही लँग्ली यांचे श्रम वाया गेले नाहीत. १८९९ मध्ये विल्बर राइट यांनी उड्डाणविषयक माहितीसाठी पत्र लिहिले होते, ते लँग्ली यांच्याच संस्थेला. एवढ्या मोठ्या शास्त्रज्ञाचा उड्डाणावर विश्वास आहे, या गोष्टीने त्या बंधूंना धीर दिला होता.

२७ फेब्रुवारी १९०६ रोजी लँग्ली यांचे निधन झाले. १९२० मध्ये अमेरिकेच्या पहिल्या विमानवाहू जहाजाला त्यांचे नाव देण्यात आले. पोटोमॅक नदीवरून उडालेले ते छोटे विमान आजही वॉशिंग्टन येथील संग्रहालयाने जतन करून ठेवले आहे. मोठ्या विमानाच्या अपयशामुळे त्याचे यश खोटे ठरत नाही. छोटी प्रतिकृती आपल्याला पुष्कळ शिकविते. पण सर्वच शिकवीत नाही. तिने शिकविलेले नीट समजून घ्यावे आणि न शिकविलेले नव्या कष्टाने मिळवावे, हाच लँग्ली यांच्या जीवनाचा बोध आहे.