दगड वाचणारा गणिती

खराडीत नव्या इमारतीचा पाया खणतात तेव्हा जमिनीचे पोट उघडे पडते. वर काळी माती, तिच्याखाली मुरूम आणि त्याखाली पहारीला दाद न देणारा काळा पाषाण. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहिलेल्या लाव्हाचे हे थर. त्या खड्ड्यात डोकावणारा विरळाच. या जमिनीवर माणसाने काय काय ठेवले आहे, हे पायी फिरून वाचणारा एक गणिती मात्र पुण्यात होऊन गेला. दामोदर धर्मानंद कोसंबी.

जन्म १९०७ चा, गोव्यातला. वडील धर्मानंद बुद्धाच्या शोधात नेपाळ, सिलोन, ब्रह्मदेशापर्यंत गेलेले. पायपिटीचा वारसा घरातलाच म्हणायचा. मुलगा अमेरिकेत हार्वर्डला शिकला आणि १९२९ मध्ये पदवी घेऊन परतला. बनारस, अलीगढ करीत तो पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवू लागला. पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत असताना डेक्कन क्वीनने त्यांची पुणे-मुंबई ये-जा चाले.

त्यांच्याकडे मी ओढला गेलो तो नाण्यांमुळे. माझी उमेद बँकेत पैसे मोजण्यात गेली, पण नाणे जितक्या हातांतून जाते तितके झिजते, यातून इतिहास निघेल असे कधी मनात आले नव्हते. कोसंबींनी तक्षशिलेची प्राचीन आहत नाणी तोलली, पडताळ्यासाठी चलनातली नाणीही तोलून पाहिली आणि झिजेच्या गणितावरून जुन्या नाण्यांचा क्रम लावला.

मग हीच नजर त्यांनी जमिनीकडे वळवली. पुण्याभोवतीच्या टेकड्यांवर त्यांना गारगोटीच्या जातीच्या दगडांची इवलीशी पाती सापडू लागली. लाव्हा थंड होताना त्यात पोकळ्या राहिल्या, पुढे पाण्याबरोबर आलेली सिलिका त्यांत साठून हे दगड तयार झाले. प्राचीन माणसाने ते फोडून हत्यारे केली. नदीकाठची भारी काळी जमीन लोखंडी नांगराशिवाय वठणीवर येत नाही. म्हणून आधीचा माणूस वर, पातळ मातीच्या कडेने वावरला, असे कोसंबींनी मांडले. धनगरांच्या कळपांच्या वाटा आणि पंढरीच्या वाटा यांचे धागे त्यांनी या पात्यांशी जोडले.

कार्ले, भाजे, जुन्नर ही लेणी घाटवाटांजवळ का, याचे उत्तरही त्यांनी वाटेतच शोधले. कोकणातल्या बंदरांतून माल नाणेघाट, बोरघाट चढून देशावर येई. व्यापारी दान देत, भिक्षूंना आसरा मिळे. लेणी म्हणजे निव्वळ एकांत नव्हे, तो रहदारीचाही इतिहास आहे.

खराडीहून वाघोली, केसनंदमार्गे नदी ओलांडली की थेऊर येते. आपण तिथे चिंतामणीच्या दर्शनाला जातो, माधवराव पेशव्यांची आठवण काढतो. कोसंबींनी त्याच परिसरातल्या महापाषाणांची नोंद घेतली. देवळाच्या आधीही तिथे कोणाची तरी श्रद्धा होती, हे त्या शिळा सांगतात.

२९ जून १९६६ रोजी कोसंबी गेले, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी. त्यांच्या काही निष्कर्षांवर पंडितांनी वाद घातले, आणि घालावेतही. पण त्यांची रीत आपल्यासारख्या साध्या माणसालाही उचलता येईल अशी आहे. पायी जावे, काय आहे ते पाहावे आणि ते इथेच का आहे असे विचारावे.

या प्रश्नातली 'इथेच' ही जागा मात्र आता जपली पाहिजे. रस्ता रुंद करताना शेंदूर फासलेला म्हसोबा चार हात बाजूला सरकवतात, त्याला फरशी बसवतात, छत घालतात. भक्ती शाबूत राहते, देवही राहतो. पण तो दगड कोसंबींच्या लेखी साक्षीदार होता, कारण तो दोन जुन्या वाटांच्या तिठ्यावर उभा होता. टेकडी फोडली की पाती खडीत जातात आणि दगड हलवला की त्याची साक्ष जाते. येत्या रविवारी मुलांना घेऊन बाहेर पडाल, तेव्हा गाव ओलांडताना असा एखादा दगड दिसला तर गाडी थांबवा. कोणत्या वाटा तिथे मिळतात ते मुलांना शोधू द्या, आणि घरी आल्यावर वहीत जागेसकट लिहून ठेवायला सांगा.