क्षणाक्षणाला बदलणारा चंद्र मोजणारे भास्कराचार्य आणि खानदेशातला शिलालेख

शॉपिंग ॲपच्या कार्टमध्ये एक वस्तू वाढवली की एकूण रक्कम आपोआप बदलते. अशा कामासाठी प्रोग्रामर रिॲक्टिव्ह लायब्ररी वापरतात. त्यामागच्या फंक्शनल रिॲक्टिव्ह प्रोग्रामिंगचा पाया कॉनल इलियट आणि पॉल हुडाक यांनी १९९७ मध्ये घातला. कल्पना साधी होती. बदलणारी गोष्ट म्हणजे वेळेचं फंक्शन. वेळ सांगा, किंमत मिळेल.

पण बदलती गोष्ट वेळेच्या हिशोबात पकडायचा प्रश्न त्याहून खूप जुना आहे. भास्कराचार्य कम्प्युटरवाले नव्हते, पण या प्रश्नाशी त्यांनी पावणेनऊशे वर्षांपूर्वी झुंज घेतली होती.

त्यांचा जन्म १११४ चा. वडील महेश्वर हेच त्यांचे गुरू. सह्याद्रीजवळचं त्यांचं गाव नेमकं कोणतं, यावर आजही वाद आहे. ३६ व्या वर्षी, ११५० मध्ये त्यांनी सिद्धांतशिरोमणी लिहिला. लीलावती, बीजगणित, ग्रहगणित आणि गोलाध्याय हे त्याचे चार भाग.

ग्रहाची आजची आणि उद्याची जागा यांतला फरक म्हणजे त्याची दिवसाची गती. पण चंद्राचा वेग दिवसभरातही बदलतो. तिथी कधी संपणार हे काढताना दिवसाची गती धरली, तर गणित चुकतं. म्हणून भास्कराचार्यांनी त्या क्षणाची गती, म्हणजे तात्कालिक गती काढण्याची रीत दिली. पुढे कॅल्क्युलसमध्ये जी कल्पना आली, तिच्या जवळ ते पोहोचले होते. वयाच्या ६९ व्या वर्षी त्यांनी करणकुतूहल हा ग्रंथ लिहिला.

पण ग्रंथ लिहून भागत नाही, तो शिकवणाराही लागतो. नातू चांगदेव हा यादव राजा सिंघणाचा ज्योतिषी. आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्याने आजच्या चाळीसगाव तालुक्यातल्या पाटण इथे मठ काढला. तिथला शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला.

या लेखाचा काही भाग जुन्या मराठीत आहे. पाटणच्या बाजारात येणाऱ्या मालावर मठासाठी हिस्सा ठरला होता. तेलाच्या प्रत्येक घाण्यामागे पळीभर तेल मठाला द्यायचं होतं.

साक्री तालुक्यातल्या बळसाण्याची जुनी देवळंही साधारण याच काळातली. म्हणजे त्या काळचा खानदेश नुसती मंदिरं बांधत नव्हता. इथल्या तेल्यांच्या आणि व्यापाऱ्यांच्या कमाईतून गणिताची शाळाही चालत होती.