सुभेदार तानाजी मालुसरे

महाडहून सावित्री नदीच्या काठाने वर गेले की पोलादपूर लागते. तेथून पुढे सह्याद्रीच्या उभ्या रांगा, दाट झाडी आणि डोंगरांच्या कुशीत विसावलेली लहान लहान गावे दिसू लागतात. उमरठ हे त्यांपैकीच एक. सुभेदार तानाजी मालुसरे याचे हे गाव. भात, नाचणी आणि वरी यांवर गुजराण करणाऱ्या या मुलखापाशी धनदौलत नव्हती. पण स्वराज्याला त्याने जिवाला जीव देणारी माणसे दिली.

१६५६ साली शिवाजी महाराजांनी जावळी जिंकली. पुढे १० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाच्या पायथ्याशी अफजलखानाच्या फौजेशी घनघोर संग्राम झाला. महाराजांना जय मिळाला, परंतु अनेक मावळे कामास आले. विजयाच्या त्या आनंदातही महाराजांना त्या मावळ्यांच्या घरांचा विसर पडला नाही. जे पडले त्यांच्या मुलांचे वेतन चालू ठेवावे, ज्यांना पुत्र नव्हते त्यांच्या पत्नींना निम्मे वेतन द्यावे आणि जखमींना जखमेच्या मानाने होन द्यावेत, अशी व्यवस्था त्यांनी केली. कृष्णाजी अनंत सभासद याने आपल्या बखरीत ही हकिकत नोंदवून ठेवली आहे.

या व्यवस्थेचे मोल फार मोठे होते. मावळा हा मूळचा शेतकरी. तो तलवार घेऊन बाहेर पडला की घरी नांगर धरणारा हात उरत नसे. तो परत आला नाही, तर मुलाबाळांच्या मुखी घास कोण घालणार? शत्रूच्या तलवारीपेक्षा ही चिंता अधिक जाचक होती. महाराजांनी ती स्वतःच्या शिरावर घेतली. ही मदत म्हणजे भिक्षा नव्हे; राज्यावर असलेले ते ऋण होते.

अशा राजाची सेवा तानाजीने निष्ठेने केली. १६६१ साली कोकणच्या मोहिमेत महाराजांनी त्याला पिलाजी नीळकंठरावासह संगमेश्वरी ठेवले होते. शृंगारपूरच्या सुर्व्यांनी रात्री अचानक हल्ला चढविला. पिलाजी गांगरून पळू लागला. तानाजीने त्याला मागे ओढून आणले, दोरीने एका खडकाशी बांधले आणि स्वतः लढून शत्रूला पिटाळून लावले. कवींद्र परमानंद याने ‘शिवभारत’ या संस्कृत काव्यात हा प्रसंग वर्णिला आहे. या कवीची समाधी पोलादपुरातच आहे.

१६६५ च्या पुरंदरच्या तहात महाराजांना तेवीस किल्ले मोगलांना द्यावे लागले. त्यांत कोंढाणाही गेला. १६७० च्या आरंभी तो परत घेण्याचे ठरले. परंपरागत कथा सांगते, की त्या वेळी उमरठला तानाजीचा पुत्र रायबा याच्या लग्नाची तयारी चालू होती. घरचे कार्य बाजूस सारून तानाजी मोहिमेवर निघाला.

४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री तो निवडक मावळ्यांसह कडा चढून गडावर पोहोचला. किल्लेदार उदेभान राठोड याच्याशी त्याचे तुंबळ युद्ध झाले. तानाजीची ढाल तुटली. तेव्हा त्याने डाव्या हाताचीच ढाल केली आणि तो लढत राहिला. अखेर दोघेही वीर एकमेकांच्या घावांनी धारातीर्थी पडले. तानाजीचा भाऊ सूर्याजी याने मावळ्यांना धीर देऊन गड सर केला. पागेला आग लावून राजगडाकडे विजयाची खूण करण्यात आली.

महाराजांना गड मिळाला. उमरठच्या घराचा आधार मात्र गेला. महाराजांनी सूर्याजीला सुभेदारी दिली. रायबाचे लग्न त्यांनी स्वतः लावून दिले आणि पुढे त्याला पारगडाचा किल्लेदार नेमले, असे परंपरा सांगते. कोल्हापूर जिल्ह्यातील त्या दूरच्या गडावर मालुसऱ्यांचे वंशज पुढेही नांदत राहिले. रायबा पोरका झाला, पण निराधार झाला नाही.

त्याच १६७० साली, सातासमुद्रांपलीकडे, फ्रान्सच्या चौदाव्या लुई राजाने जखमी व वृद्ध सैनिकांसाठी पॅरिस येथे विशाल आश्रयगृह उभारण्याची आज्ञा दिली. राज्यासाठी झिजणाऱ्यांची काळजी राज्याने वाहावी, हा विचार तेथेही मूळ धरीत होता. सह्याद्रीच्या खोऱ्यांत त्याला आधीच आकार आला होता, आणि त्याची छाया विधवा व पोरकी मुले यांच्यापर्यंत पोहोचली होती.

उमरठला आज तानाजीचे स्मारक उभे आहे. ते एका वीराच्या शौर्याची आठवण देते. त्याचबरोबर, जो सर्वांसाठी प्राण देतो त्याची मुले ही सर्वांचीच मुले होत, ही शिकवणही त्या मातीतून मिळते.